जर्मनीला बोलावणं नव्हतं

देवदत्त सरांच्या हातून मार्क सुटत नाहीत, हे बदलापूरच्या कात्रपात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. बाकीचे मास्तर अंतर्गत गुण वाटतात ते हळदीकुंकवाच्या वाणासारखे. जी दारात येईल तिच्या हातावर ठेवायचं आणि मोकळं व्हायचं. वीसपैकी अठरा, एकोणीस, आणि पोराचा बाप संस्थेच्या ओळखीतला असला तर चक्क वीस. देवदत्त सरांकडे मात्र अकरा पडले तरी पोरं घरी जाताना पेढे घेऊन जात. चौदाच्या वर सर कधी चढले नव्हते. चौदाही एकदाच दिले होते, आणि दिल्यावर म्हणे आठवडाभर त्यांना चुकल्यासारखं वाटत होतं.

घरी तरी वेगळा असेल माणूस? छे! अंबरनाथ पश्चिमेच्या त्यांच्या दोन खोल्यांत शलाकाबाई भरली वांगी वाढायच्या आणि हौसेनं विचारायच्या, "कशी झालीत?" सर डोळे मिटून घास चावायचे. मग म्हणायचे, "साडेसहा."

"दहापैकी?"

"दहापैकीच. मिठाचे दोन कापले. दीड राखून ठेवलाय."

"राखून कशाला?"

"सुधारणेला वाव असावा."

एकदा शलाकाबाईंनी विचारलं, मला बघायला आला होतात तेव्हा किती दिले होते? सरांनी विषय बदलला. खोटं बोलणं या माणसाला जमत नसे, आणि संसारात त्यामुळे जे होतं ते सगळं त्यांच्या घरी होत होतं.

तर असे हे सर बदलापूर पूर्वेच्या एका कॉलेजात अकरावी आर्ट्सला जगाचा इतिहास शिकवत. दर वर्षी पहिल्या दिवशी ते प्रत्येक मुलाच्या हातात एक छापील कागद ठेवत. वर ठळक अक्षरांत शब्द एकच, 'अपेक्षा'. खाली चार मथळे: माहिती, सादरीकरण, ऐतिहासिक अचूकता, कारण आणि परिणाम यांची समज. प्रत्येकाला पाच गुण. एका मुलाच्या आईनं तो कागद फ्रीजवर लावलेला पाहून शेजारणीला सांगितलं होतं, कॉलेजात एक सर आहेत, अजून लग्नाचे आहेत वाटतं, बायोडाटा वाटत फिरतात. गोष्ट सरांच्या कानावर आली तेव्हा ते हसलेसुद्धा नाहीत. 'वाचन काळजीपूर्वक करावे' असा पाचवा मथळा घालावा की काय, या विचारात पडले.

यंदा दिवाळीनंतर प्राचार्यांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला, बिस्किटंही मागवली. बिस्किटं दिसली तेव्हाच सरांनी ओळखलं, बातमी वाईट आहे.

"सर, पुढच्या वर्षी इतिहासाला पोरंच नाहीत हो," प्राचार्य म्हणाले. "चौकशीला येतात, अभ्यास किती असं कोणी विचारत नाही. मार्क किती मिळतात, एवढंच. आणि इतिहासाचं नाव काढलं की शिपाईच त्यांना सांगतो, तिकडं नका जाऊ."

"मग शिपायाला समज द्या."

"त्याचा मुलगा तुमच्याकडेच होता. नऊ दिलेत तुम्ही." प्राचार्यांनी बिस्किटाची बशी पुढे सरकवली. "आण्णा म्हणतायत विषय बंद करू. तुम्हाला घरी नाही बसवणार. पर्यावरणाचे तास आहेत, ग्रंथालय आहे."

आण्णा म्हणजे संस्थेचे अध्यक्ष. कॉलेज उभं आहे ती त्यांच्या आजोबांची भातशेती. आसपासच्या चार गावांत कुठे बांधावरून, कुठे मानपानावरून वाजलं की माणसं पोलिसांआधी आण्णांकडे जातात. शिक्षण म्हणाल तर सातवी. पण शब्दाला वजन असं की प्राचार्य फोनवरही त्यांच्याशी उभं राहून बोलत.

सरांनी हातातलं बिस्किट बशीत परत ठेवलं. उगाच लपवून काय करायचं, डोळ्यांत पाणीच आलं त्यांच्या. मार्क देताना त्यांचा हात आखडत असेल, पण शिकवताना हा माणूस घड्याळ विसरायचा. फ्रेंच क्रांतीच्या वेळची पॅरिसमधली भाकरीची टंचाई सांगताना त्यांचा आवाज असा कापायचा की मागच्या बाकावरची पोरं डब्याचं झाकण लावून ठेवायची. आणि आता काय शिकवायचं? कचऱ्याचं वर्गीकरण?

"एक करा," प्राचार्यांनाही दया आली असावी. "शनिवारी पालकांचा कार्यक्रम आहे. आण्णा येणारेत. त्यांच्यासमोर पोरांकडून काहीतरी करून दाखवा आणि मार्क तिथंच जाहीर करा. अठरा-एकोणीस दिलेत तर आण्णांनाही पटेल की इथं पोरं शिकतात. विषय वाचवायची जबाबदारी माझी."

"आणि त्यांनी अठराचं काम केलं नाही तर?"

प्राचार्यांनी उरलेली बिस्किटं स्वतःकडे ओढली.

सरांनी निवडला व्हर्सायचा तह. पहिलं महायुद्ध संपलं, जिंकलेली राष्ट्रं पॅरिसला जमली, त्यांनी हरलेल्या जर्मनीवर अटी लादल्या आणि राजवाड्याच्या आरसेमहालात तिची सही घेतली. प्रसंग एकच, पात्रं मोजकी, शेवटी सही झाली की पडदा. गडबड व्हायला जागाच नाही, असं सरांना वाटलं. माणूस हुशार, पण भोळा.

तहाचा धडा वर्गात चालू असतानाच पहिली ठिणगी पडली. तेजल नावाची मुलगी, जवळच्याच गावातली, हात वर न करता बोलायची. तिनं विचारलं, "सर, चर्चा चालली होती तेव्हा जर्मनी कुठं बसली होती?"

"बाहेर. जर्मनीला चर्चेला बोलावलं नव्हतं. अटी ठरल्यावर कागद हातात दिला."

तेजलनं पेन खाली ठेवलं. "बोलावणंच नव्हतं?"

"नव्हतं."

"मग भांडण होणारच की परत!"

वर्ग हसला. एकटा भूपेश तेवढा हसला नाही, तो खिडकीबाहेर बघत राहिला.

"दुसऱ्या महायुद्धाची कारणं पुढच्या धड्यात आहेत," सर म्हणाले. "एकूण सात आहेत. त्यात हे नाही."

"नसेल. पण कारण हेच आहे."

"पुस्तकात नाही ते मी मार्कांत धरत नाही, तेजल," सरांनी सांगितलं आणि फळा पुसला.

आता इथं जरा थांबून भावकीचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. तेजल आणि भूपेश एकाच गावचे, एकाच आडनावाचे. दोन घरांत भिंत एक. तेजलची आजी चिमी ही भूपेशच्या बापाची, म्हणजे महेशची, सख्खी चुलती. महेशची आई लवकर गेली तेव्हा त्याला भरवला, न्हाऊ घातला तो या चिमीनं. आणि या गावांकडे लग्नाचं बोलावणं कसं द्यायचं याची रीत ठरलेली. घरधन्यानं स्वतः जायचं, थोरल्या माणसाच्या हातावर अक्षता ठेवायच्या, पाया पडायचं, घोटभर पाणी प्यायचं आणि तोंडानं म्हणायचं, "या." शेजारच्या दाराशीही असंच जायचं. उलट शेजारी आधी.

गेल्या वर्षी महेशच्या थोरल्या मुलाचं लग्न निघालं. महेशनं काय केलं? पत्रिकेचा व्हिडिओ बनवून घेतला. वरून गुलाबाच्या पाकळ्या पडतायत, मागे सनई, मधून नवरानवरीचे फोटो फिरत येतायत. तो टाकला भावकीच्या ग्रुपवर आणि हात झटकले. चिमीआजीला तेजलनं आपल्या मोबाईलवर दाखवला. आजीनं कौतुकानं परत परत बघितला आणि म्हणाली, "झ्याक हाय. पन बोलवाया कोन येनार?"

कोणीच आलं नाही. हळदीच्या दिवशी आजी नवं लुगडं नेसून ओट्यावर बसून राहिली. पलीकडे मांडव भरला, डीजे सुरू झाला, भिंती हादरायला लागल्या, तरी कोणी हाक मारली नाही. मग आजी उठली, लुगडं घडी घालून ठेवलं आणि जी बोलायची थांबली ती थांबलीच. आज वर्ष झालं, भिंतीच्या या बाजूची पोरं त्या बाजूच्या पोरांशी बोलत नाहीत. आता महेशच्या मुलीचं, स्वप्नालीचं लग्न तोंडावर आलं होतं. आणि महाशयांनी याही वेळी व्हिडिओच बनवायला टाकला होता. काय म्हणावं या माणसाला!

आणि सरांनी नाटकासाठी चिठ्ठ्या टाकल्या. तेजलला आली जर्मनी, भूपेशला फ्रान्स.

"सर, देश बदलून द्या," भूपेश म्हणाला. "मेरा उसका जमता नहीं. घरनं सांगितलंय बोलायचं नाही."

"फ्रान्सचंही जर्मनीशी जमत नव्हतं. भूमिकेला पोषकच आहे."

तालमी कशा झाल्या म्हणून विचारू नका. भूपेश आपल्या अटी पंख्याकडे बघून म्हणायचा, तेजल आपली वाक्यं फळ्याला ऐकवायची. प्रज्वल इंग्लंड होता, त्याला टोपी मोठी झाल्यामुळे कोणीच दिसायचं नाही. अमेरिका म्हणजे वरद. तो उल्हासनगर कॅम्प एकहून यायचा, आणि संध्याकाळी एका सिंधी शेटच्या कापडदुकानात बसायचा. त्याला अटी पसंत नव्हत्या.

"सर, इतनी कडक शर्त मत रखो. पार्टी परत दुकानात चढणार नाही. धंद्यात गिऱ्हाईक तोडायचं नसतं."

"वरद, तू अमेरिका आहेस, दुकानात नाहीस."

"फरक काय सर?"

सरांनी त्याच्या हातात संहिता ठेवली आणि तालीम पुढे नेली. घरी जाऊन शलाकाबाईंना म्हणाले, "सगळं व्यवस्थित होईल, सही झाली की झालं." शलाकाबाईंनी विचारलं, किती टक्के खात्री? सर म्हणाले, साडेसहा. त्यांच्या तोंडाला आकडाच तो बसलेला.

शनिवारी सभागृह भरलं. आरसेमहालासाठी प्रज्वलनं मामाच्या सलूनमधून मोठे आरसे आणले होते. त्यांच्यावर लाल अक्षरांत लिहिलेलं 'दाढी-कटिंग' काही पुसलं गेलं नाही, त्यामुळे व्हर्सायच्या राजवाड्यात तेवढी एक सोय झाली. पहिल्या रांगेत मधोमध आण्णा. समोर टेबलावर त्यांच्या सत्काराची शाल आणि नारळ, शेजारी दीपप्रज्वलनाचं ताट, त्यात हळद, कुंकू, अक्षता. आण्णांच्या उजवीकडे प्राचार्य. पलीकडे चिमीआजी, कारण म्हाताऱ्या माणसाला मागे बसवायचं नाही म्हणून शिपायानं तिला आणून पुढेच बसवली. महेश चौथ्या रांगेत बायकोबरोबर. चुलती दिसली तसा तो मोबाईलमध्ये डोकं घालून बसला.

सुरुवात झकास झाली. फ्रान्सनं नुकसानभरपाई मागितली. इंग्लंडनं टोपी सावरत अनुमोदन दिलं. अमेरिका म्हणाली, जरा सांभाळून घ्या, आणि हे वाक्य संहितेत होतं. जर्मनी बाहेर व्हरांड्यात बाकावर बसली होती, कारण सरांचा आग्रहच तसा होता. तिसरा मथळा, ऐतिहासिक अचूकता. आण्णा मान डोलावत होते. प्राचार्यांनी खूश होऊन सरांना अंगठा उंचावून दाखवला.

मग सहीची वेळ आली. फ्रान्सनं कागद अमेरिकेकडे दिला आणि वरद तो घेऊन व्हरांड्यात गेला. माईक त्याच्या हातातच राहिला होता, त्यामुळे पुढचं सगळं सभागृहाला स्वच्छ ऐकू आलं.

"हे घे, साईन मार."

"कागद नको. बोलवायला माणूस पाठवा."

"अरे, मीच आलोय ना."

"तू डिलिव्हरीला आलायस."

वरद परत आला. "सर, जर्मनी साईन नाय करत."

सर धावत दारात गेले. माईक वरदच्या हातात होताच. "तेजल, काय चालवलंयस? सही कर."

"नाही सर."

"अगं का पण?"

"मी सही केली तर दुसरं महायुद्ध होईल."

"होऊ दे ना!" सर ओरडले. "ते अभ्यासक्रमात आहे!"

सभागृहात असा हशा उसळला की एक आरसा भिंतीवरून घसरला आणि प्रज्वलनं तो टोपीसकट झेलला. प्राचार्यांनी कपाळाला हात लावला. कचऱ्याचं वर्गीकरण, ओला आणि सुका, सरांच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं.

आण्णांनी हात वर केला. हशा थांबला.

"मास्तर, ती पोरगी बाहेर का बसलीय?"

"आण्णा, ती जर्मनी आहे. जर्मनीला चर्चेला बोलावलं नव्हतं."

"बोलावलं नव्हतं, आणि सही मागतात?" आण्णा खुर्चीत पुढे सरकले. इतका वेळ ते पाहुणे होते, आता कामावर आले. "अशी कुठं मिटवामिटवी असते? दोन्ही बाजू समोर पाहिजेत. कोणी ठरवलं हे? कोण आहे फ्रान्स?"

भूपेशनं हात वर केला.

"तू महेशचा ना रे?"

आणि इथं गावाकडच्या माणसांना सगळं एकदम कळलं. पाठीमागे कुजबुज झाली. सगळ्या माना चौथ्या रांगेकडे वळल्या.

"आण्णा, नाटक आहे ते," महेश अर्धवट उठून म्हणाला.

"कुठलं नाटक?" चिमीआजी पुढूनच म्हणाली, मागे न बघता. "माझ्या घरचं हाय."

"काकी, सगळ्यांनाच मोबाईलवर पाठवली होती. कामाच्या गडबडीत कुठं कुठं फिरणार?"

"सगळ्यांत मी हाय का रं? भिंतीपलीकडं राहतं मी. उंबऱ्यात उभा राहून 'ए काकी' म्हनला असतास तरी आलं असतं. मना पत्रिका नको व्हती, महेश. मना तू पाहिजे व्हतास."

म्हातारीचा आवाज फुटला. महेशच्या बायकोनं पदर डोळ्याला लावला आणि दुसऱ्या हातानं नवऱ्याला कोपर मारलं. महेश तसाच उभा, उठलेला नाही आणि बसलेलाही नाही. एवढा बांधकामाच्या साइटवर पन्नास माणसांना दम देणारा गडी, आणि पुढच्या खुर्चीची पाठ धरून.

आधी हलला तो भूपेश. त्यानं डोक्यावरची पुठ्ठ्याची फ्रेंच टोपी काढून टेबलावर ठेवली आणि सरळ व्हरांड्यात गेला. वरद इमानानं माईक घेऊन मागे.

"तेजल, चल आत."

"कोण बोलावतंय? फ्रान्स की भूपेश?"

"दोघं."

"मोबाईलवर सांग की."

"डोकं नको खाऊ ना यार. ताईची हळद आहे. तू नसशील तर नाचणार कोण? आणि आजीला घेऊन ये. मागच्या वेळी तिची ओवी नव्हती, डीजेच होता नुसता. मला नाही आवडलं."

वर्षभरात त्या दोघांचं हे पहिलं बोलणं. ते अख्ख्या सभागृहानं ऐकलं, आणि महेशनंही. तो रांगेतून बाहेर आला, लोकांच्या गुडघ्यांना अडखळत पुढे पोचला. हात रिकामे आहेत हे तिथं आल्यावर त्याच्या ध्यानात आलं. त्यानं इकडेतिकडे बघितलं, दीपप्रज्वलनाच्या ताटातल्या अक्षता मुठीत घेतल्या, आण्णांच्या सत्काराचा नारळ उचलला आणि चुलतीच्या पुढ्यात बसला.

"अहो, तो आण्णांचा," प्राचार्य पुटपुटले. आण्णांनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं.

"काकी," महेश म्हणाला, "स्वप्नालीची हळद हाय. या." आणि तिच्या पायावर डोकं ठेवलं. आजीनं त्याच्या पाठीत एक धपाटा घातला, चांगला जोरात, आणि मग त्याच पाठीवरून हात फिरवत राहिली. "पानी पी आधी," ती म्हणाली. कोणीतरी प्राचार्यांपुढची बाटली उचलून महेशला दिली.

तेजल आत येऊन आजीला बिलगली. मागच्या रांगांतून टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेचनात. आणि स्टेजवर एकटा वरद उभा, हातात तहाचा कागद. "सर," त्यानं माईकमध्ये विचारलं, "हा पेपर आता कुणाला देऊ?"

आता मार्क. प्राचार्य उठले, घसा खाकरला आणि सगळं आपणच घडवून आणल्याच्या थाटात म्हणाले, "आपले देवदत्त सर आता मुलांचे गुण जाहीर करतील." मग माईक बाजूला धरून सरांच्या कानात म्हणाले, "एकोणीस म्हणा. वीसही चालतील. आण्णा खूश आहेत, विषय वाचला समजा."

सर माईकपाशी उभे राहिले. हातात अपेक्षांचा कागद. इतकी वर्षं ते हा तह शिकवत होते. दर वर्षी कोणीतरी जर्मनी व्हायचं, निमूट सही करायचं, पुढच्या धड्यात दुसरं महायुद्ध व्हायचं आणि मुलं सात कारणं लिहून मोकळी व्हायची. ते थांबवावं असं एकाही पोराला वाटलं नव्हतं. सरांना स्वतःलाही नाही. ही पहिलीच पोर, जिला ते होऊ द्यायचं नव्हतं. वीस द्यावे असं सरांना मनापासून वाटत होतं, आणि वीस दिले तर उद्यापासून तास त्यांचाच होता.

पण हात! त्याला कोण समजावणार?

"माहिती, पाचपैकी चार," सर म्हणाले. "अटी सगळ्या पाठ होत्या. सादरीकरण, तीन. टोपी आणि आरसा यांचे दोन कापलेत." प्रज्वलनं मान खाली घातली. "ऐतिहासिक अचूकता..."

सर थांबले. प्राचार्यांनी हात जोडलेले दिसले.

"शून्य. फ्रान्स बोलवायला गेला नव्हता. सही झाली होती."

प्राचार्य खाली बसले.

"कारण आणि परिणाम यांची समज," सरांचा आवाज कापला, "पाचपैकी पाच."

मुलांच्या रांगेतून एक 'आँ' निघालं. पाचपैकी पाच! कोणत्याही मथळ्याला, कोणत्याही पोराला, सरांनी उभ्या नोकरीत हे दिलेलं नव्हतं. भूपेशनं तेजलच्या पाठीत थाप मारली, तिनं उलट मारली.

"एकूण बारा," सर म्हणाले आणि कागदाची घडी घातली. अठराची अट त्यांना पाठ होती. "आण्णा, यापेक्षा एकही जास्त मला देता येत नाही. विषयाचं तुम्ही काय ते ठरवा."

आण्णांनी विचारलं, "मास्तर, खरोखर कोणीच बोलवायला गेलं नव्हतं?"

"कोणीच नाही."

"आणि सही केली जर्मनीनं?"

"करावी लागली."

"मग?"

"मग वीस वर्षांनी पुन्हा युद्ध. कोट्यवधी माणसं मेली."

चिमीआजी मांडीवरचा नारळ धरून ऐकत होती. ती महेशकडे बघत म्हणाली, "एवढ्यावरनं?"

सातही कारणं सरांच्या ओठांवर आली. जागतिक मंदी, हुकूमशाही, शस्त्रस्पर्धा, सगळी ओळीनं. "आजी, बाकीही कारणं होती," ते म्हणाले.

"असतील की. पन कोनी जाऊन बोलीवलं असतं तर?"

सरांनी तोंड उघडलं. समोर वर्ग होता, पालक होते, अध्यक्ष होते.

"माहीत नाही, आजी," ते म्हणाले. "मी कधी विचारच केला नव्हता."

आण्णा उठले. सत्कार राहूनच गेला होता, त्यांनी शाल स्वतःच उचलून खांद्यावर टाकली आणि प्राचार्यांना म्हणाले, "माझी नात पुढच्या वर्षी अकरावीला येतेय. तिला इतिहासाला घाला. मार्क देतील तेवढे घेईल."